मोफत दवादारू

दवंडीचा मजकूर मी लिहिला होता. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष कोतवालावर टाकण्यात अर्थ नाही.

"दारूच्या सवयीने त्रासलेल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी बाजाराच्या दिवशी मराठी शाळेच्या ओसरीत मोफत दवादारू मिळेल." हे वाक्य लिहून झाल्यावर मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. एकही वेलांटी चुकलेली नव्हती. बी.ए.ला मराठी घेऊन सेकंड क्लास मिळवला होता मी. नेरला आमच्या वस्तीत बी.ए. झालेली मी पहिली. मुलींमध्ये पहिली नव्हे, सगळ्यांमध्ये पहिली. बाप जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहायचा आणि मी घाटंजीच्या बाजूला विकास गटाच्या कचेरीत मुख्य सेविका म्हणून लागले होते. साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. बालवाड्या, बिनधुराच्या चुली, महिला मंडळं हे माझं काम. दारूचं काम त्यात नव्हतं. ते मी हौसेने अंगावर घेतलं.

कल्पना डॉक्टरांची. आरोग्य केंद्रात वर्षापूर्वी आलेला तरुण माणूस. त्यांनी काही महिने नागपूरला पागलखान्यात काम केलं होतं. ते म्हणायचे, "तिथले लोक वाईट नाहीत हो बाई, पण आमच्याकडे माणूस पोहोचतो तो बांधूनच. त्याच्या गावातच, त्याच्या घरच्यांना बरोबर घेऊन कोणी आधी बसलं असतं, तर कितीतरी जण आलेच नसते." मग आम्ही ठरवलं की बाजाराच्या दिवशी शाळा सकाळची असते, दुपारी ओसरी मोकळी, तिथे बसायचं. ज्याला दारू सुटत नाही त्याने यावं, घरच्यांनी यावं, बोलावं, औषध घ्यावं. आज हे वाचून कोणाला विशेष वाटणार नाही. तेव्हा असं काही आम्ही कोणीच पाहिलेलं नव्हतं.

कोतवालाला वाचता येत नसे. त्याने माझं वाक्य पाठ केलं, डफडं घेतलं आणि निघाला. प्रत्येक चौकात वाक्यातला एकेक शब्द गळत गेला. मी कचेरीच्या खिडकीतून ऐकलं तेव्हा उरलं होतं ते असं: "हो ऐका हो! दारूवाल्यायसाठी बाजाराच्या दिवशी शाळेत सरकारची मोफत दवादारू हो!"

मला वाटलं, ठीक आहे, मुद्दा पोहोचला.

एक गोष्ट मी विसरले. आमच्याकडे दारूबंदी येऊन थोडीच वर्षं झाली होती. दुकानं बंद, मोहाची हातभट्टी चालू. पण शहरात काही लोकांना डॉक्टरच्या चिठ्ठीवर परमिटाची दारू मिळते, एवढं गावाच्या कानावर होतं. आता डॉक्टर आले, सरकार आलं, मोफत आलं आणि दवादारू आली. दवा-दारू म्हणजे औषधपाणी हे मला ठाऊक होतं. ज्याला जे हवं होतं, त्याने तेवढाच अर्धा शब्द ऐकला.

बाजाराच्या दिवशी बारा वाजता मी शाळेत पोहोचले तर ओसरीपासून रस्त्यापर्यंत रांग! घाटंजीकडचे, आजूबाजूच्या तांड्यांवरचे, जंगलाकडच्या पाड्यांवरचे, पन्नास-साठ माणसं. कोणाच्या हातात लोटा, कोणाच्या हातात काचेचा गिलास. एका म्हाताऱ्याने पितळेचा गडवा चिंचेने घासून असा लखलखीत करून आणला होता, की जसा काही नवा जावई जेवायला येणार आहे.

"बाई, नाव सांगा लागते का अंगठा चालते?" पहिल्या माणसाने विचारलं.

"कशाचं नाव?"

"परमिटाचं! मले पावशेरच द्या, मी काही लालची माणूस नाही."

मागून आवाज आला, "त्याले पावशेर द्या, मले त्याची राह्यलेली."

"मोहाची हाये का विलायती?" म्हाताऱ्याने गडवा पुढे केला. "मोहाची असन तर घरीच हाये आपल्या."

माझ्या कानशिलापर्यंत गरम झालं. तेवढ्यात डॉक्टर सायकलवरून आले. रांग पाहिली, भांडी पाहिली, मी दिलेला दवंडीचा कागद वाचला आणि सायकलच्या दांडीवर डोकं टेकून हसायला लागले. मी रडण्याच्या बेतात होते.

"बाई," ते म्हणाले, "वर्षभर मी दवाखान्यात वाट पाहतोय. दारूचं दुखणं सांगायला एक माणूस आला नाही. सगळे पोटदुखी म्हणून येतात. तुम्ही एका दवंडीत सगळा तालुका गोळा केला!"

मग ओसरीच्या पायरीवर उभे राहून त्यांनी सांगितलं, की दारू नाही, दवा आहे. एकदम ओरडा झाला. "सरकार नेहमी अर्धंच देते!" असं म्हणत म्हातारा गडवा काखेत मारून निघाला. त्याच्यामागे रांग फुटली.

पण गंमत पुढेच आहे. ही दवंडी बायकांनीही ऐकली होती. सरकार फुकट दारू वाटते म्हटल्यावर त्या सरकारशी भांडायला आल्या होत्या आणि लिंबाखाली पदर खोचून उभ्या होत्या. पुरुष गेले. बायका राहिल्या. "मंग तुम्ही दारू सोडवता म्हणता?" एकीने दरडावून विचारलं. "लिहा माझ्या घरचं नाव." मी वही उघडली. भरल्या ओसरीसमोर अशी बसले होते मी, जसा काही परीक्षेत मला येत असलेला प्रश्नच आला आहे.

पुरुषांतला एक जण मात्र पायरीवर बसूनच होता. त्याला आम्ही सगळे ओळखत होतो. जिनिंगमधला इंजिनाचा मिस्त्री. मुसलमान घर, तीन पिढ्यांचे कारागीर. रस्त्यावरून चालता चालता इंजिनाचा आवाज ऐकून कोणता व्हॉल्व्ह गेला ते सांगणारा माणूस. तो उठला नाही कारण त्याला उठता येत नव्हतं. दोन्ही हातांनी धरलेला तामचिनीचा कप दातांवर वाजावा तसा गुडघ्यावर वाजत होता. पाठीमागे त्याची बायको उभी होती, डोक्यावरून ओढणी.

मी तिला वहीतले प्रश्न विचारायला लागले. किती पितात? केव्हापासून? पिऊन मारतात का?

"भाभी, घाबरू नका, सांगा."

"पितात ते राहू द्या बाई," ती म्हणाली. "पिऊन पडले तर मी चादर टाकून देते आंगावर. मले भेव वाटते ते पीत नाही तवाचं."

"पीत नाहीत तेव्हाचं?"

"रमजानातलं. चांद दिसला का दारूले हात लावत नाही हे. जबान देतात अन् पाळतात. पहिला रोजा चांगला जाते. दुसऱ्या रोज्याले हात कापतात. तिसऱ्याले जिन येते आंगात. भितीवर मुंग्या दिसतात, मेलेली माय दिसते, इंजन बंद करा म्हणून बोंबलतात. चार माणसं लागतात धरायले."

गावात यावर विनोदही होता. कोतवालाने तो मला आधीच ऐकवला होता. आमच्याकडे जिनिंगला जिनच म्हणतात. "मिस्त्री अकरा महिने जिनात राह्यते अन् एक महिना जिन मिस्त्रीत." मीही हसले होते. आता ती आठवण नको झाली.

"मग काय करता?"

"जेठ येतात माझे, यायचे मोठे भाऊ. बांधून ठेवतात. तीन-चार दिवसात उतरते. रमजान सरला का फिरून पिणं चालू." तिने आवाज खाली केला. "यंदा जेठ म्हणतात, बहुत झालं. आता चांदाले तीन हप्तेही नाही राह्यले. आंगात आलं का बांधून नागपूरले पागलखान्यात नेऊन टाकतो म्हणतात. तिथून माणूस वापस येते का बाई?"

मला उत्तर माहीत नव्हतं. ती थांबली, मग जे तिच्या मनात कितीतरी वर्षं असेल ते तिने विचारलं.

"एक मले समजत नाही. रमजानात तर सैतानायले बांधून ठेवलेलं असते म्हणतात. मंग हाच कसा मोकळा सुटते? अन् नेमका रमजानातच?"

मी तो प्रश्न तसाच्या तसा वहीत लिहिला आणि वही डॉक्टरांपुढे सरकवली. त्यांनी वाचला, परत वाचला, आणि खुर्चीवरून उठलेच.

"हा प्रश्न मला कॉलेजात कोणी विचारला नाही! भाभी, जिन आत येत नाही. दारू बाहेर जाते. इतकी वर्षं शरीर तिच्यावर चाललं, ती एकदम थांबली की मेंदू घाबरतो. तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. मिस्त्री पागल नाहीत. जबान पाळतात म्हणून पागल दिसतात."

मी मध्येच तोंड घातलं. "डॉक्टरसाहेब, माझ्या बापाने छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला दीक्षा घेतली आणि एका दिवसात दारू सोडली. त्याला मुंगी दिसली नाही का भूत दिसलं नाही."

"तुमचे वडील सकाळी तोंड धुवायच्या आधी पीत होते का?"

"नाही. पोळ्याला, होळीला, कधी बाजाराला."

"मग त्यांचा निश्चय शंभर नंबरी. पण शरीर यांचं वेगळं आहे. निश्चय यांचाही कमी नाही."

मला राग आला होता, कबूल करते. बापाची बरोबरी कोणाशी झालेली मला चालत नसे. पण पायरीवर बसलेल्या माणसाने ते वाक्य ऐकलं आणि इतका वेळ खाली असलेली मान वर केली, ते मी पाहिलं.

डॉक्टर त्याच्याजवळ जाऊन पायरीवरच बसले. "मिस्त्री, भरल्या लोडवर चालणारं इंजिन एकदम बंद केलं तर?"

"पट्टा तुटते साहेब. माणसाचा हात घेऊन जाते."

"मग कसं बंद करता?"

"लोड उतरवतो पहिले. मंग हळूहळू."

"तसंच करू. चांदाची वाट नाही पाहायची. मंगळवारपासून दारू बंद, तिच्या जागी माझं औषध, आणि ते रोज थोडं थोडं कमी. त्रास होईल, पण कमी होईल. रमजान येईपर्यंत तुम्ही पलीकडे गेलेले असाल."

मिस्त्रीने कप पायरीवर ठेवला. "मंग मले काहून नाही सांगितलं कोणी इतके साल?" तो म्हणाला.

मंगळवारी सुरुवात झाली. ते औषध असं होतं की वासाने भिंतीनेही तोंड फिरवावं. डॉक्टर दिवसातून दोनदा सायकल मारत यायचे, सुई द्यायचे. बाकी वेळ आम्ही पाळ्या लावल्या. जिनातले दोन फिटर, शेजारची एक म्हातारी, मी आणि भाभी. सूचना डॉक्टरांनी माझ्याकडून लिहून घेतल्या होत्या. खोलीत उजेड ठेवायचा. पाणी पाजत राहायचं. बांधायचं नाही. मुंग्या दिसल्या म्हणाला तर वाद घालायचा नाही. नाव घेऊन बोलायचं, तू घरी आहेस हे परत परत सांगायचं. कचेरीतलं काम आटोपून मी धावत जायचे. मला माझ्या नोकरीत पहिल्यांदा असं वाटत होतं, की आपण जे करतोय ते कुठल्या फायलीत बसत नाही आणि तरी तेच काम आहे.

गुरुवारी दुपारी डॉक्टर देवीची लस टोचायला खेड्यावर गेले होते. मिस्त्री चादरीवरून मुंग्या वेचत होता. मागच्या वर्षांपेक्षा पुष्कळ शांत, भाभी म्हणत होती, पण हात कापत होते, कपाळावर घाम होता आणि तो मला बहीण समजून मध्येच "आपा" म्हणत होता. तेवढ्यात दारात छकडा थांबला.

जेठ आला होता. दुसऱ्या गावी कल्हईचं काम करणारा, दाढी पांढरी झालेला, पोलादी मनगटांचा माणूस. खांद्यावर दोर.

"झाला ना पागल?" तो दारातूनच म्हणाला. "मले बाजारात समजलं. यंदा चांद दिसायच्या आधीच झाला. हटा बाई, चारच्या गाडीने नेतो याले."

मी दारात आडवी उभी राहिले. "बांधायचं नाही. न्यायचं नाही."

"तुम्ही कोण हो बाई?"

"मी मुख्य सेविका आहे. बी.ए. आहे."

"बी.ए. म्हणजे डाक्टरीन का?"

"नाही."

"मंग?"

चार वर्षांचं कॉलेज त्या दारात उभं होतं आणि त्याला एक शब्द फुटेना.

मागून भाभीचा आवाज आला. ती जेठाशी कधी समोरासमोर बोललेली नव्हती. त्यांच्याकडे तशी रीत होती, आमच्याकडेही होती. ती भिंतीकडे तोंड करून, ओढणी पुढे ओढून माझ्याशी बोलायला लागली, आणि तीन हातांवर उभा असलेला जेठ सगळं ऐकत होता.

"बाई, भाईजानले पुसा, जिन कोणत्या रोज्याले येते?"

मी टपालासारखी वळले. "जिन कोणत्या रोज्याला येतो?"

"तिसऱ्या," जेठ म्हणाला. "साऱ्या गावाले मालूम हाये."

"पुसा, रमजानात हे दारू कधी सोडतात?"

"चांदरातीले. हे काय पुसणं झालं?"

"आज रोजा हाये का पुसा."

"नाही ना! म्हणून तर म्हणतो, यंदा आधीच..."

"यायनं दारू सोडली त्याले आज कितवा दिवस, ते पुसा."

मी विचारायची गरजच पडली नाही. त्याने दोर धरलेल्या हाताची बोटं मोजली. मंगळ, बुध, गुरू. तिसऱ्या बोटावर अंगठा थांबला तो थांबलाच.

तेव्हा भाभी वळली. ओढणी तशीच, पण तोंड त्याच्याकडे. मध्ये मी उरले नाही.

"मंग भाईजान, हा जिन रोजे मोजून येते का दारू मोजून?"

जेठाने दोर खाली ठेवला. त्याने भावाकडे पाहिलं, आणि मग दारातच बसला. "इतके साल," तो म्हणाला, "इतके साल मी याले बांधलं."

"आता बांधू नका, बसा," मी म्हटलं. "हात धरा त्यांचा."

तो उठून आत गेला, खाटेच्या कडेला बसला. मिस्त्रीने डोळे उघडले. "भाई, मुंग्या."

मला धडकी भरली, हा आता म्हणेल, कुठे आहेत मुंग्या. सूचना याला कोणी वाचून दाखवल्या नव्हत्या. जेठाने चादरीचं टोक धरलं, जोरात झटकलं, नीट पसरलं. "झाडल्या," तो म्हणाला. "गेल्या." छकडेवाला बाहेर तासभर ताटकळला, मग रिकामाच परत गेला.

डॉक्टर संध्याकाळी आले, नाडी पाहिली, आणि माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवली. शनिवारी मिस्त्री सकाळभर झोपला. उठल्यावर त्याने खिचडी मागितली, लोणचं मागितलं आणि विचारलं, "ईदचा चांद दिसला का?" त्याला वाटलं रमजान येऊन गेला. भाभी हसत हसत रडली का रडत रडत हसली ते मला सांगता येणार नाही, कारण माझंही तेच चाललं होतं.

पुढच्या बाजाराला आम्ही ओसरीत बसलो तर आमच्या शेजारी भाभी येऊन बसली. बोलावलं नव्हतं कोणी. बायका आल्या की ती माझ्या वहीतले प्रश्न बाजूला सारायची आणि विचारायची, "पीत नाही तवा काय होते, ते सांग पहिले." तिच्या त्या एका प्रश्नावर आम्हाला त्या हिवाळ्यात आणखी दोन घरं सापडली, जिथे अंगात येणाऱ्या माणसाला कोंडून ठेवलं होतं. सगळ्यांचं भलं झालं असं मी म्हणणार नाही. एक जण आमच्या हातून गेलाच. मिस्त्रीही पुढे एका पोळ्याला घसरला. पण तेव्हा तो सकाळीच आपल्या पायाने ओसरीत आला आणि म्हणाला, "लोड चढला साहेब, उतरवा."

पण मला सांगायचं आहे ते त्या वर्षीच्या रमजानाचं. चांद दिसला. डॉक्टरांनी तपासून रोजे ठेवायला हरकत नाही म्हटलं होतं. पहिला रोजा गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी काही काम काढून जिनिंगच्या फाटकाजवळ गेले. पाहते तर डॉक्टर तिथे सायकलची चेन बसवत होते, चेन उतरलेली नसताना. जेठ आपल्या गावाहून येऊन कापसाच्या गाडीला टेकून उभा. कोतवाल होता. पलीकडे लिंबाच्या सावलीत भाभी. आत इंजिन चालू होतं आणि मध्येच ते बंद पडलं.

मिस्त्री बाहेर आला. कोपरापर्यंत तेल, हातात पाना. आम्हाला सगळ्यांना एका ओळीत पाहून तो थबकला.

"काय होय? लग्न हाये का इथं कोणाचं?"

आमच्या नजरा त्याच्या हातांवर होत्या. त्याला समजलं. त्याने पाना काखेत धरला आणि दोन्ही पंजे पसरून आमच्यापुढे केले, एकेकाच्या नाकापुढे, डॉक्टर, भाई, मी, कोतवाल. बायकोपुढे जरा जास्त वेळ. थोडे थरथरत होते. रोजा होता, दुपार होती, माणूस सकाळपासून कामावर होता.

"पाह्यले? झालं?" तो चिडून म्हणाला. "पट्टा सरकला होता म्हणून बंद केलं इंजन. जा आता आपआपल्या घरी, मले काम करू द्या."

आणि तो आत गेला. आम्ही कोणीच घरी गेलो नाही. थोड्या वेळाने आतून इंजिनाचा पहिला ठोका आला, मग दुसरा, मग ते सुरात लागलं, आणि जेठाने मला विचारलं, "बाई, आता चौथ्या रोज्याले काही होत नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. या वेळी मला उत्तर माहीत होतं.